घराचा भाव आणि घरधन्याचा भार

गावात जागेचे भाव चढू लागले की शेजारीपाजारी, आप्तेष्ट घरमालकाचे अभिनंदन करू लागतात. “तुमच्या जागेचे तर सोने झाले,” असे त्याला सांगितले जाते आणि तोही क्षणभर सुखावतो. पुढे काही दिवसांनी नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची नव्या आकारणीची नोटीस दारात येते, आणि तो विचारात पडतो. घर तेच आहे, खोल्या तेवढ्याच आहेत, पावसाळ्यात गळणारी कौलेही तीच आहेत; मग आपण श्रीमंत झालो ते नेमके कोठे? वाढलेल्या भावाचा लाभ मालकाला होतो, की तो भाव केवळ वाढीव कराचे निमित्त ठरतो?

हा प्रश्न आजच्या शहरी जीवनाने निर्माण केला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या परिसरात, तो दीडशे वर्षांपूर्वीच मोठ्या तीव्रतेने विचारला गेला. तेव्हा घराच्या जागी शेत होते आणि घरपट्टीच्या जागी शेतसारा. परंतु प्रश्नाचे स्वरूप हेच होते. त्या वेळच्या शेतकऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि लोकनेत्यांनी त्याची जी उत्तरे दिली, त्यांचा विचार आजही उपयोगी पडावा असा आहे.

पहिली आकारणी आणि तीस वर्षांचे वचन

घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही दोन्ही गावे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे पोचेपर्यंत विरळ होतो. ज्वारी आणि बाजरी ही येथील जुनी पिके. एखादे वर्ष साधले तर दोन वर्षे ओढगस्तीची, असा येथील शेतीचा शतकानुशतकांचा हिशेब. एकोणिसाव्या शतकात आजचा दौंड तालुका आणि बारामतीचा मोठा भाग भीमथडी या नावाने ओळखला जाई, तर आज शिरूर तालुक्यात असलेले पाबळ हे स्वतःच एका तालुक्याचे ठिकाण होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. नव्या राज्यकर्त्यांना जमिनीचे उत्पन्न मोजून त्यावर सारा बसवायचा होता. आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने इ. स. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी केली. इंग्लंडातील नव्या अर्थशास्त्राच्या विचारांनी तो भारलेला होता. लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्याच्या शेकडा ५५ भाग सरकारचा, असे सूत्र त्याने लावले. कागदावर हे सूत्र निर्दोष दिसत होते. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्नाचा अंदाजच चुकला, धान्याचे भाव उतरले, आणि सारा देणे अशक्य झाल्यामुळे पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. सुपीक जमीन पडीक पडली आणि सरकारचा वसूलही बुडाला.

या अपयशातून धडा घेऊन एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची आकारणी केली. सारा कमी केला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तीस वर्षांसाठी कायम केला. या तीस वर्षांत शेतकऱ्याने विहीर खणली, बांध घातला, पीक वाढवले, तर वाढलेले उत्पन्न त्याचेच राहील, असे ते वचन होते. ओसाड पडलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. हीच पद्धत पुढे भीमथडी, पाबळ, शिरूर आणि मग मुंबई इलाख्यातील बहुतेक मुलखात लागू झाली.

या वचनाला एक दुसरी बाजूही होती. तीस वर्षे संपली की सरकार जमिनीकडे पुन्हा पाहणार होते. दरम्यानच्या काळात जमिनीचे मोल वाढले असेल, तर नव्या साऱ्यात सरकार आपला वाटा मागणार होते.

तेजीची वर्षे

योगायोग असा की ही तीस वर्षे संपत आली, तेव्हा दख्खनेत कधी नव्हती अशी तेजी आली होती. १८५८ साली लोहमार्ग पुण्यास पोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो दौंडवरून भीमेच्या खोऱ्यात पुढे सरकला. रुळांच्या आणि पुलांच्या कामांमुळे खेड्यांत रोख मजुरी खेळू लागली. पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून जाणारे धान्य आता मुंबईच्या बाजारात थोड्या दिवसांत पोचू लागले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशांचा पूर लोटला. त्या पुराचे पाणी घाट चढून दख्खनेच्या खेड्यांपर्यंत आले. धान्याचे भाव वाढले आणि त्यांच्याबरोबर जमिनीचे मोलही वाढले.

या वाढीचा शेतकऱ्याला काय उपयोग झाला? काही काळ त्याच्या हाती अधिक पैसा आला, हे नाकारता येत नाही. परंतु जमिनीच्या वाढलेल्या मोलाचा सर्वांत मोठा परिणाम निराळाच झाला. त्याची पत वाढली. पेशवाईत जमीन विकून कर्ज फेडून घेण्याची पद्धत रूढ नव्हती. सावकाराचा भरवसा ऋणकोच्या पिकावर आणि गावाच्या भिडेवर असे. कंपनीच्या राज्यात जमिनीची मालकी कागदावर स्पष्ट झाली, ती विकता येऊ लागली, आणि दिवाणी न्यायालय ती लिलावात काढू लागले. त्यामुळे जमिनीचा भाव जसा चढला, तसा सावकाराचा हात सैल झाला. पूर्वी ज्याला थोडकी रक्कम मिळायची, त्याला आता मोठी रक्कम सहज मिळू लागली. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू रयतेच्या रक्षणाचा होता, परंतु दर तीन वर्षांनी जुने खत फाडून व्याजासह नवे खत लिहून घेण्याची चाल त्यातून वाढली. भाव वाढल्याचा लाभ म्हणून शेतकऱ्याच्या पदरी जे पडले, ते बव्हंशी कर्ज होते.

फेरआकारणी

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले आणि कापसाचा बाजार कोसळला. धान्याचे भाव आणखी काही वर्षे टिकून राहिले. १८७० नंतर तेही उतरले. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपल्यामुळे फेरमोजणीचे काम सुरू झाले होते. १८६७ मध्ये इंदापुरापासून त्याला आरंभ झाला आणि १८७० नंतर ते भीमथडी व आसपासच्या तालुक्यांत पोचले. नव्या आकारणीचे समर्थन करताना अधिकाऱ्यांनी जी कारणे पुढे केली, ती आजच्या करदात्यालाही ओळखीची वाटतील. रेल्वे आली, रस्ते झाले, बाजारपेठ जवळ आली, धान्याचे भाव वाढले, जमिनीला गिऱ्हाईक मिळू लागले. सबब जमीन अधिक मोलाची झाली आणि ती अधिक सारा देऊ शकते.

यातील प्रत्येक विधान वेगवेगळे पाहिले तर खरे होते. चूक त्यांना जोडणाऱ्या ‘सबब’ या शब्दात होती. जमिनीचे मोल तेजीच्या वर्षांत मोजले गेले आणि सारा मंदीच्या वर्षांत द्यावयाचा होता. मोल कागदावर होते. सारा मात्र चांदीच्या नाण्यांत मोजून द्यावा लागत होता. पीक हाती आले नसेल, किंवा आलेल्या पिकाला भाव नसेल, तर ते नाणे आणायचे कोठून? सावकाराकडून. अशा रीतीने जमिनीच्या वाढलेल्या मोलाने शेतकऱ्याला दोन्ही बाजूंनी घेरले. त्या मोलामुळे सारा वाढला, आणि तो सारा भरण्यासाठी काढावे लागणारे कर्जही त्याच मोलावर मिळाले.

पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न हाती घेतला. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक आदराने सार्वजनिक काका म्हणत, हे सभेचे प्राण होते. १८७१ मध्ये पुण्यास आलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अभ्यासाचे बळ तिला लाभले. सभेने नव्या आकारणीची चौकशी करून १८७३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि हा बोजा रयतेला पेलण्यासारखा नाही असे सांगितले. १८७४ मध्ये मुंबई सरकारला आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातांना मर्यादा घालावी लागली. एखाद्या तालुक्याचा वा गावांच्या गटाचा एकूण सारा शेकडा ३३ हून अधिक वाढू नये, एका गावाचा शेकडा ६६ हून अधिक वाढू नये, आणि एका खातेदाराचा दुपटीहून अधिक होऊ नये, असे ठरले. ही मर्यादा वाचल्यावर आधी काय चालले असावे, याची कल्पना वाचकांना आपोआप येईल.

करडे आणि सुपे

शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तेथील बाबासाहेब देशमुख हे प्रतिष्ठित मराठा घराण्यातील गृहस्थ. शिंदे सरकारांच्या घराण्याशी त्यांची सोयरीक होती. आधीच कर्जात बुडालेल्या या गृहस्थांवर काळूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्यांचे राहते घर ताब्यात घेतले आणि पाडले. गावाच्या मध्यावर एका जुन्या घराण्याचे घर उद्ध्वस्त होऊन पडलेले लोक रोज पाहू लागले. पूर्वी ज्या दाराशी गावकरी वाद मिटवण्यास जात, ते दारच उरले नव्हते. डिसेंबर १८७४ मध्ये करड्याच्या गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कोणी करीना, न्हावी त्यांची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. हा बहिष्कार गावोगाव पसरला.

१२ मे १८७५ हा सुप्याचा बाजाराचा दिवस होता. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत मोडत असे. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती ती खते, गहाणखते, हुकूमनामे, म्हणजे कर्जाचे कागद. ते मिळवून त्यांची होळी करण्यात आली. पुढच्या काही आठवड्यांत भीमथडी, इंदापूर, शिरूर, हवेली आणि नगर जिल्ह्यातील अनेक गावांत असेच प्रकार घडले. काही ठिकाणी घरे जळाली, मारहाण झाली. तरी एवढ्या मोठ्या उठावाच्या मानाने जीवितहानी फारच थोडी झाली, कारण रोष कागदांवर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांतील ५०१ दोषी ठरले.

इतिहासाचा विचार करताना एका कारणावर सर्व भार टाकू नये. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने कर्जबाजारीपण हे मुख्य कारण मानले. नगर जिल्ह्यात फेरआकारणी झालेलीच नव्हती, तरी तेथे दंगे झाले, हा या मताच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे. दुसरीकडे आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी पुणे जिल्ह्यातील नव्या दरांवर स्वतंत्र टिपण लिहून कठोर टीका केली. अलीकडच्या काळात नील चार्ल्सवर्थसारख्या अभ्यासकांनी तर दंग्यांचे महत्त्व फुगवून सांगितले गेले, असे मत मांडले. या मतांतील तपशिलाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. तेजीत फुगलेले मोल हे कर्जालाही आधार झाले आणि कराच्या वाढीलाही आधार झाले, आणि मोल उतरल्यावर कर्ज आणि कर दोन्ही मागे राहिले, एवढी गोष्ट मात्र सर्व बाजूंच्या पुराव्यांतून दिसते.

कायद्याने घेतलेला धडा

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळानंतर, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत तो लागू करण्यात आला. खतावरील आकडा डोळे मिटून न मानता मूळ कर्ज किती आणि व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, आणि जमीन विशेष रीतीने गहाण ठेवलेली नसेल तर साध्या कर्जापायी ती विकता येणार नाही, असे ठरले. साऱ्याच्या बाबतीतही एक महत्त्वाचे तत्त्व मान्य झाले. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवू नये. विहीर त्याने खणली, तर तिच्या पाण्याचे फळ त्याचेच.

याच इलाख्यात ५३ वर्षांनी तोच वाद पुन्हा उभा राहिला. १९२८ मध्ये गुजरातेतील बारडोली तालुक्यात वाढीव साऱ्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तेथेही आकारणी अधिकाऱ्याने प्रथम शेकडा ३० वाढ सुचवली होती, आणि समृद्धीच्या खुणा म्हणून रेल्वे, वाढलेली लोकसंख्या, चढलेले भाव आणि पक्की घरे यांच्याकडे बोट दाखवले होते. सरकारने ती वाढ शेकडा २२ च्या आसपास आणली. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमिनीच्या खंडाचे आकडे तपासले, तेव्हा ते आकडेच विश्वासार्ह नसल्याचे आढळले. त्यांनी सुचवलेली वाढ शेकडा ६ च्या आसपास होती. व्यवहारांचे आकडे वरवर घेतले तर २२, आणि प्रत्यक्ष परिस्थिती पाहिली तर ६, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सारा घटला, घरपट्टी वाढली

स्वातंत्र्योत्तर काळात शेतसाऱ्याची पूर्वीसारखी फेरआकारणी जवळजवळ थांबली. चलन स्वस्त होत गेले, साऱ्याचा आकडा जुनाच राहिला, आणि ज्या साऱ्यापायी एके काळी घरे उद्ध्वस्त झाली तो आज नाममात्र उरला आहे. मात्र त्याच काळात स्थानिक संस्थांचा घरांवरील कर महत्त्वाचा झाला. घरपट्टी हा शब्द मराठी दप्तरांत जुना आहे. शिरूरला नगरपालिका स्थापन झाली ती १८६८ साली, म्हणजे फेरआकारणीच्या त्याच दशकात. दौंडचे महत्त्व रेल्वेमुळे वाढले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते मोठे जंक्शन बनले आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही तेथे बिऱ्हाडे थाटली. रेल्वेच्या वसाहतीत आयुष्य काढलेल्या नोकरदाराला घरपट्टी म्हणजे काय, हे निवृत्त होऊन चार भिंती उभारल्यावरच कळते. आणि नेमके तेव्हा त्याचे उत्पन्न घटलेले असते.

नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याप्रमाणे घराचा कर त्याच्या वार्षिक करयोग्य मूल्यावर बसवण्याची परंपरा आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करावयाचा, दुरुस्तीसाठी त्यातून शेकडा १० वजा करावयाचे, आणि उरलेल्या रकमेवर कर लावावयाचा. घरमालक स्वतः त्यात राहत असला, तरी भाडे कल्पिले जाते. ग्रामपंचायतींच्या हद्दीत पूर्वी क्षेत्रफळावर आकारणी होत असे. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ती भांडवली मूल्यावर आणली. आता जमिनीचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, तो आधाराला घेतला जातो. घर मातीचे आहे की दगडविटांचे की सिमेंट काँक्रीटचे, किती जुने आहे, राहण्यासाठी आहे की धंद्यासाठी, हे पाहून मूल्य ठरते आणि दर हजार रुपये मूल्यामागे कर बसतो.

या बदलाने शिरूर-दौंडच्या गावांचा प्रश्न पुन्हा १८७० च्या वळणावर आला आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत झाली. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या गावांभोवती कारखाने उभे राहिले. दौंड तालुक्यात कुरकुंभला औद्योगिक वसाहत आली. जमिनीचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी काही नाते उरू नये, इतके चढले. ज्याने रस्त्याकाठची जागा विकली त्याला पैसा मिळाला. ज्याने चार खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या त्याला दरमहा उत्पन्न मिळू लागले. परंतु जुन्या घरात राहणारी वृद्ध विधवा, जिला घर विकायचे नाही आणि खोल्या बांधण्याची ऐपतही नाही, तिच्या दृष्टीने भाव वाढणे म्हणजे दरवर्षीचा खर्च वाढणे एवढेच आहे. तक्त्यातील दर तिघांनाही सारखाच लागू होतो.

लाभ कोणाला?

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. घराचा वाढलेला भाव मालकाच्या हाती तीनच मार्गांनी पैसा होऊन येतो. घर विकावे, भाड्याने द्यावे, किंवा गहाण ठेवून कर्ज काढावे. विकले तर राहायला दुसरे घर घ्यावे लागते, आणि त्याचाही भाव तेवढाच वाढलेला असतो. लांबच्या स्वस्त गावी जायची तयारी असेल तरच हाती काही उरते. राहते घर भाड्याने देता येत नाही. कर्जाचा मार्ग कोठे जातो, हे करड्याच्या पडलेल्या घराने दाखवून दिले आहे. म्हणून वाढलेला भाव हा गाव सोडून जाणाऱ्याचा नफा असतो; राहणाऱ्याला त्याचा कर द्यावा लागतो. अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याची पुरेपूर किंमत देऊ केली होती, तरी नाबोथाने ती नाकारली. वडिलोपार्जित वतन हे त्याच्या लेखी विकण्याची वस्तू नव्हती. वसईच्या आपल्या बांधवांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. १९९० मध्ये तेथे सिडको आल्यापासून वाड्यांचे भाव किती वाढले, आणि त्या वाड्यांत राहू इच्छिणाऱ्यांना त्या वाढीने किती सुख दिले, याचा अनुभव त्यांना आहे.

असे असले तरी कराविरुद्ध सरसकट ओरड करणे न्यायाचे होणार नाही. भाव वाढतो तो बहुधा मालकाच्या कर्तृत्वाने वाढत नाही. रेल्वे, रस्ता, पाणी, शाळा, कारखाने या सार्वजनिक गोष्टींनी तो वाढतो, आणि त्यांत समाजाचा वाटा आहे हे मानलेच पाहिजे. घरपट्टीतूनच गावची गटारे, दिवे आणि पाणी चालते. कर अजिबात गोठवला तर निराळा अन्याय होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरांचे भाव वेगाने चढले आणि करापायी वृद्धांवर घरे सोडण्याची पाळी येईल, या भीतीने ६ जून १९७८ रोजी लोकांनी मतदानाने नवा नियम केला. कर मूल्याच्या शेकडा एक इतकाच राहावा, आणि घर विकले जाईपर्यंत करासाठीचे मूल्य वर्षाला शेकडा दोनहून अधिक वाढू नये. जुन्या रहिवाशांची घरे वाचली. पण शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांपैकी एकाचा कर दुसऱ्याच्या कित्येक पट असू लागला, आणि तरुण कुटुंबांवर भार पडला.

आपल्याकडेही मधले मार्ग काढले गेले आहेत. पुणे महापालिकेने १९७० पासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात शेकडा ४० सवलत दिली होती. मध्यंतरी ती काढली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ताकर माफ झाला. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली, त्यामागेही वाढीव करांविषयीचा असंतोष हे एक मोठे कारण होते.

आणखी एक गोष्ट सामान्य करदात्याने समजून घेतली पाहिजे. भाव वाढला म्हणजे कर वाढलाच पाहिजे, असे काही नाही. समजा एका गावात शंभर सारखी घरे आहेत आणि पंचायतीला वर्षाला एक लाख रुपये हवे आहेत. प्रत्येक घराला हजार रुपये येतात. उद्या सर्व घरांचे मूल्य दुप्पट झाले आणि पंचायतीची गरज तेवढीच राहिली, तर दर निम्मा करून प्रत्येकाकडून हजारच घेता येतात. कर वाढतो तो पंचायतीचा खर्च वाढल्यामुळे, किंवा मूल्य वाढूनही दर तोच ठेवल्यामुळे. पहिले कारण असेल तर खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. दुसरे असेल तर दर कमी का केला नाही, असे विचारता येते. नव्या आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकत घेण्यास मुदत दिलेली असते. आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबे ती यादी वाचतात? १८७३ मध्ये सार्वजनिक सभेने जे मोठ्या प्रमाणावर केले, म्हणजे आकडे तपासले, लोकांची स्थिती पाहिली आणि सनदशीर मार्गाने सरकारपुढे मांडली, तेच लहान प्रमाणावर कोणत्याही गावातील चार जाणत्या माणसांना करता येण्यासारखे आहे. ज्या वृद्धांना नोटिशीतील भाषा कळत नाही, त्यांच्यासाठी तरी ते केले पाहिजे.

शिरूर-दौंडच्या इतिहासातून तीन कसोट्या हाती लागतात. कर ठरवताना तेजीच्या वर्षातील भाव प्रमाण मानू नये, कारण भाव उतरतात आणि कर उतरत नाही. वाढ एकदम न करता मर्यादेत आणि टप्प्याटप्प्याने करावी, हे १८७४ मध्येच मान्य झाले आहे. आणि मालकाच्या हाती प्रत्यक्ष काय येते, ते पाहावे. विकणारा, भाडे घेणारा आणि केवळ राहणारा यांना एकाच मापाने मोजू नये. या तीन कसोट्या पाळून लावलेला कर घरधनी कुरकुरत का होईना देतो आणि त्यातून गावही उभे राहते. त्या न पाळता लावलेला कर भरण्यासाठी माणूस कर्ज काढतो, आणि ज्या घराचे मोल वाढले म्हणून त्याला श्रीमंत ठरवले गेले, तेच घर एके दिवशी त्याच्या हातून जाते.